झेलणारी हिराबाई

झरीच्या डोंगरीपाड्यात लग्न ठरलं की मांडवाच्या बांबूंआधी धवलेरी ठरते. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. ती मंत्र म्हणत नाही, गाते. तिच्या गाण्याला धवला म्हणायचं. त्या गाण्याच्या बोटाला धरून देव मांडवात येतात आणि नवरा-नवरी एकमेकांची होतात, अशी पाड्यातल्या माणसांची श्रद्धा. मंडपवाला ऐनवेळी फिरला तर ताडाच्या झावळ्यांवर भागतं, पण धवलेरी नसेल तर नवरदेव दारात येऊन उभा राहिला तरी त्याला ‘ये, बस’ म्हणायचं कुणी, हा प्रश्न उरतोच.

ही बाई एकटी कधी गात नाही. दोघी लागतात. एक सांगते, दुसरी झेलते. सांगणारी ओळ टाकते आणि झेलणारी तीच ओळ उचलून पुन्हा म्हणते. मग पुढची ओळ, मग पुन्हा झेल. बघणाऱ्याला वाटतं, पहिली शहाणी आणि दुसरी नुसती तिची री ओढणारी. हिराबाईलाही तसंच वाटायचं, आणि तिचा जन्म झेलण्यात गेला होता.

उधव्याहून लग्न होऊन ती झरीला आली तेव्हा तिची नणंद शुक्री त्या बाजूची नावाजलेली धवलेरी होती. शुक्रीला त्याच पाड्यात दिलेलं, त्यामुळे माहेर-सासर एका हाकेच्या अंतरावर. तिची आधीची झेलणारी बाई मुलाकडे वापीला राहायला गेली आणि शुक्रीचं अडलं. त्या पावसाळ्यात भाताच्या लावणीला नवी भावजय शेजारी वाकून रोपं लावत होती. शुक्रीने मुद्दाम एक ओळ टाकली. नवी नवरीच ती, मान वर न करता तिने ओळ उचलली, नीट शेवटापर्यंत नेली आणि थांबली. शुक्रीने दुसरी टाकली. बांधापाशी पोचेपर्यंत शुक्रीला झेलणारी मिळालेली होती.

मग दोघींचं जे जमलं ते जमलंच. शुक्रीचा आवाज चढा, खणखणीत, आणि स्वभावही तसाच. मांडवात शिरली की नवऱ्याच्या मामापासून स्पीकरवाल्यापर्यंत सगळ्यांना कामाला लावायची. हिराबाई तिच्या डाव्या बाजूला बसायची, गुडघा गुडघ्याला लागेल अशी, आणि डोळे मिटून झेलायची. लग्नातली माणसं शुक्रीला म्हणायची, आते, इकडे ये, आते, चहा घे. हिराबाईच्या हातातही चहा यायचा, पण तो ‘हिला पण द्या रे’ म्हणून. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. पुढे चालणाऱ्याला काटे लागतात, मागच्याला वाट आयती मिळते, असं ती नवऱ्याला सांगायची. नवरा लाहू, घोलवडच्या चिकूवाडीत कामाला जायचा. तो म्हणायचा, मागच्याला धूळ पण मिळते. पण लाहूचं बोलणं कोण मनावर घेतो.

एका पावसाळ्यात शुक्री काविळीने गेली. सगळं इतकं भरभर झालं की रडायलाही सवड मिळाली नाही.

पुढच्या हंगामातलं पहिलंच लग्न उधव्याचं निघालं, आणि तेही हिराबाईच्या सख्ख्या भावाच्या घरचं. भाऊ म्हणाला, आता आमची धवलेरी तूच. हिराबाईलाही वाटलं, इतकी वर्षं प्रत्येक ओळ आपल्या तोंडातून गेलीय, जाईल कुठे? शेजारी बसायला भावाने पाड्यातल्या दोन मुली दिल्या. कॉलेजात जाणाऱ्या, हुशार, आवाजाला गोड. धवला त्यांना मोबाईलवर ऐकून ऐकून पाठ होता. हिराबाईने तोंड उघडलं की त्याही तिच्याबरोबर सुरू व्हायच्या, एका सुरात, शाळेच्या प्रार्थनेसारख्या. ऐकणारे माना डोलावत होते.

चौक काढायची वेळ झाली. लग्नाच्या घरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने देवीचा चौक, म्हणजे चौकटीतलं देवीचं चित्र, काढतात, हे तर सगळ्यांना माहीत आहे. त्या बाजूच्या पाड्यांत आणखी एक रीत पाळतात. धवला चालू तोवर काढणारीचा हात चालू. धवला थांबला की हात थांबला. गाण्यात जे आलं नाही ते भिंतीवर यायचं नाही, कारण बोलावल्याशिवाय कुणाला घरात घ्यायचं नसतं, देवाला तर नाहीच.

हिराबाईचा धवला निम्म्या चौकावर थांबला.

काय झालं ते तिलाही कळलं नाही. एक ओळ संपली, आणि पुढे काहीच नव्हतं. विहिरीत बादली सोडावी आणि पाणी लागूच नये, तसं. ती वाट बघत राहिली. कुणाची, ते तिला घरी परतल्यावर कळलं. ती शुक्रीची वाट बघत होती. भिंतीपाशी तिघी सुवासिनी पिठात बुडवलेल्या काड्या हवेत धरून बसल्या होत्या. एकीच्या काडीवरून पांढरा थेंब ओघळला आणि गेरूवरून सरळ खाली जमिनीपर्यंत गेला. सगळे त्या ओघळाकडे बघत राहिले. मग कुणीतरी बाहेर स्पीकर मोठा केला. उधव्यातल्याच एका म्हातारीने कसाबसा उरलेला चौक पार पाडला. भाऊ काही बोलला नाही, आणि त्याचं न बोलणंच हिराबाईला लागलं.

बोलायचं काम जमनाने केलं. ही झरीचीच, हिराबाईच्या शेजारची, चौक काढण्यात पाड्यात एक नंबर आणि तोंडाने त्याहून एक पाऊल पुढे. त्या लग्नाला गेली होती. तलासरीच्या बाजारात सुके बोंबील निवडता निवडता तिने चार बायकांना सांगितलं, शुक्री होती तोवर ही तिची सावली होती. आता सावलीला कुठे तोंड असतं?

हे हिराबाईच्या कानावर आलं. तिला राग यायला हवा होता, पण उलट पटलंच. आपण झेलणाऱ्या. सांगणारीचं डोकं वेगळं असतं, तिला देवाने दिलेलं असतं, आपल्याला नाही. त्या दिवसापासून तिने गाणं सोडलं. कुणी लग्नाचं बोलावणं घेऊन आलं की घसा बसलाय म्हणायची. घसा खरा वाटावा म्हणून गळ्याला फडकं बांधायची, ते सोडायला विसरायची आणि वैशाखाच्या उन्हात तसंच कामाला जायची. लाहू म्हणायचा, लांब बांबूच्या जाळीने चिकू तोडणाऱ्या पुष्कळ पाहिल्या, पण मफलर बांधून तोडणारी तालुक्यात तूच. ती त्यावर हसायचीसुद्धा नाही. दळताना, सारवताना जे आपोआप ओठांवर यायचं, तेही बंद झालं. घर नीटनेटकं होतं, चूल पेटत होती, पण लाहूला घरात पाऊल टाकलं की काहीतरी बंद पडल्यासारखं वाटायचं, पंखा थांबला की वाटतं तसं.

अशी काही वर्षं गेली, आणि शुक्रीच्या मुलीचं लग्न ठरलं.

वर्षा डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. रोज इको गाडीत मांडीवर डबा घेऊन जाऊन-येऊन करणारी, आईसारखीच ठाम. मुलगा नविन, अच्छाडजवळच्या पाड्यातला, हायवेवर ट्रकच्या गॅरेजात कामाला. दोघांचं जमलं होतं, घरच्यांनी फक्त होकार द्यायचं काम केलं. लग्न फाल्गुनात, होळीनंतर.

एका सुट्टीच्या दिवशी वर्षा मामीकडे आली. हिराबाई अंगणात वाल सोलत बसली होती. वर्षाही बसली आणि सोलायला लागली. बराच वेळ टरफलंच बोलत होती.

“मामी, तू नाही म्हणशील हे मला ठाऊक आहे,” वर्षा म्हणाली. “म्हणून मी विचारायला आलेच नाही. सांगायला आलेय.”

“माझा घसा...”

“तुझा घसा काल बकरीवर ओरडताना नीट होता. मी रस्त्यावर इकोतून उतरले तर तिथे ऐकू आला.”

हिराबाईने सुपातले वाल उगाच पाखडले. म्हणाली, तुझ्यासाठी मी चांगली धवलेरी आणून देईन, डहाणू तालुक्यात नाव असलेली. तू काळजी करू नको.

“चांगली पुष्कळ मिळेल. आईचं कोण म्हणेल?”

“आईचं आईबरोबर गेलं, बाय.”

वर्षाने ओंजळीतले वाल सुपात टाकले, टरफलं गोळा करून बकरीपुढे ठेवली आणि निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं हिराबाईला वाटलं. त्या रात्री तिने लाहूला विचारलं, मी चुकले का? लाहू म्हणाला, मला गाण्यातलं काय कळतं, पण पोरीने उपाशी माणसासारखं तोंड केलं होतं एवढं दिसलं.

शब्द दिला होता, तेव्हा तो पाळणं भाग होतं. हिराबाई लाहूला घेऊन सायवनला निघाली. तिथे मालू नावाची म्हातारी धवलेरी होती. जीप उधव्यावरून जाते. माहेरचं गाव आलं तसा हिराबाईने पदर पुढे ओढून घेतला आणि गाव मागे पडेपर्यंत पायाकडे बघत बसली. लाहूने ते पाहिलं आणि खिडकीबाहेर ताडाच्या झाडांत काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखा बघत राहिला.

मालू ओट्यावर पाय पसरून बसली होती. अंगाने काडी, डोळे मात्र चिमणीसारखे फिरते. पुढचे दात गेलेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की येईन, पण माझी सून माझं झेलते आणि ती बाळंतपणाला माहेरी गेलीय. एकटीने कसं व्हायचं?

“झेलायला मी आहे,” हिराबाई म्हणाली. हे म्हणताना किती वर्षांनी तिचा श्वास मोकळा झाला. झेलायची भीती तिला कधीच नव्हती. दुसरी कुणी पुढे असली की झालं.

मालूने तिच्याकडे नीट पाहिलं. “शुक्रीची भावजय ना तू? गंजाडला एका लग्नात ऐकलंय मी तुम्हा दोघींना. चांगली झेलतेस. घाई करत नाहीस.”

परतीच्या जीपमध्ये हिराबाईने पदर ओढला नाही. सगळं मार्गी लागलं होतं. वर्षाला धवलेरी मिळाली, आपल्याला आपली जागा मिळाली, आणि शुक्रीची जागा घ्यायचं पाप टळलं.

लग्नाच्या पहिल्या दिवशी सकाळी वर्षाच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. अंगणात मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांवर पोरं, आणि कोपऱ्यात वर्षाचा भाऊ उमेश दोन स्पीकरच्या वायरी जोडत उभा. उमेशचं म्हणणं होतं, धवला मोबाईलवर पण मिळतो, मोठ्या आवाजात लावला तर अख्ख्या पाड्याला ऐकू येईल. त्यावर जमना आतून म्हणाली, तुझ्या मोबाईलला सांगता येईल का, जरा थांब, माझी रेघ राहिलीय म्हणून? उमेश वायरींकडे वळला.

आतली भिंत आदल्या दिवशीच सारवलेली, गेरूने तांबडीलाल. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून नारळाच्या करवंट्यांत ठेवलेलं. जमना आणि तिच्याबरोबर सुनिता, वर्षाच्या चुलत्याची सून, चौक काढायला बाहारीच्या काड्यांची टोकं चेचून बसलेल्या. समोर चटईवर मालू. तिच्या डाव्या बाजूला, गुडघ्याला गुडघा लावून, हिराबाई. वर्षा हळद लागलेल्या अंगाने दाराशी बसली होती. मामीने तिच्याकडे पाहिलं नाही.

मालूने सुरुवात केली. दात नसल्याने काही अक्षरं निसटत होती, पण सूर जिथल्या तिथे. धरतरीला बोलावणं, गावदेवाला बोलावणं, पाण्याला, झाडांना बोलावणं, हे सगळीकडे सारखंच. हिराबाईने पहिली ओळ झेलली आणि तिला स्वतःचाच आवाज ओळखीच्या माणसासारखा भेटला. बरा होता. थोडा जड झाला होता, पण होता. तिने डोळे मिटून घेतले. जमनाच्या काडीने चौकाची चौकट धरली, एक रेघ, तिच्या आत दुसरी, मधल्या जागेत बारीक नक्षी. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग चौकाच्या आतलं आलं. मालूने ओळ टाकली,

*घोड्यावर बसून देव आला गो, देव आला*

हिराबाईने झेलली, पण झेलताना अडखळली. तिच्या कानात भलतीच ओळ वाजली होती. जमनाची काडी थांबली.

“आते, घोडा?” जमना भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली. “आमच्याकडे आधी फणी, मग शिडी. घोडा मागून येतो.”

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. सायवनचा धवला वेगळ्या वाटेने जातो आणि झरीचा वेगळ्या. देव तेच, चौक तोच, पण कोण आधी आणि कोण मागून, हे प्रत्येक बाजूचं आपापलं. लग्न ठरवताना हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण झरीत आजवर दुसऱ्या बाजूची धवलेरी कधी लागलीच नव्हती. सुनिताने काडी वर उचलली. पीठ टोकाशी जमा व्हायला लागलं.

मालूला चौक अर्ध्यावर थांबणं म्हणजे काय ते पुरतं माहीत होतं. तिने गाणं तुटू दिलं नाही. तीच ओळ पुन्हा म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, ताणून, शेवटचा शब्द लांबवत, आणि म्हणता म्हणता हिराबाईच्या मांडीला चिमटा काढला. चांगला करकचून. हिराबाईने डोळे उघडले. मालू शेवटचा ‘गो’ धरून ठेवत तिच्याकडे बघत होती, आणि श्वास घ्यायला थांबली त्या फटीत तिने हळूच म्हटलं, “तुमची वाट मला कुठली ठाऊक? तू सांग. मी झेलते.”

समोर काडीवरचा थेंब लोंबत होता. वर्षा दाराशी होती. जमनाने मान वळवली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, आश्चर्य म्हणजे, टोमणा नव्हता, भीती होती. तिलाही चौक तुटलेला नको होता. म्हातारीचा ‘गो’ बारीक होत चालला होता. आणखी एक श्वास, आणि तो संपणार.

हिराबाईने एवढीच एक ओळ म्हणायचं ठरवलं. फणीची ओळ तर आलीच होती, मघाशी कानात वाजली ती तीच.

*फणी काढा गो नवरीच्या केसाला, केसाला फणी काढा*

जमनाची काडी भिंतीला टेकली.

आणि मालूने झेललं. ते झेलणं हिराबाईने आजवर कधी ऐकलंच नव्हतं, कारण झेलणारी नेहमी ती स्वतः असायची. म्हातारीने ओळ उचलली ती भरल्या हंड्यासारखी, सावकाश, एक थेंब न सांडता. *फणी काढा गो*, मग थांबली, *नवरीच्या केसाला*. तेवढ्या वेळात हिराबाईला काही करायचं नव्हतं. ती नुसती बसली होती. आणि बसल्या बसल्या पुढची ओळ आली. तिने शोधली नाही. ती आली, जशी शुक्रीच्या तोंडून यायची तशीच, फक्त या वेळी आधी तिच्याकडे आली.

*शिडी लावा गो आभाळाला, आभाळाला शिडी लावा*

मालूने तीही तशीच घेतली, अगदी बेताने. हिराबाईने श्वास घेतला. पुरून उरेल एवढा वेळ होता. शिडीच्या मागे कोण, तर शिडीवरून उतरणारी देवी, तिच्या पायातली जोडवी, जोडव्यांच्या मागे सूर्य, सूर्याच्या मागे चांद. एकेक जण ओळीत उभा होता. मालू आधीच्याला हाताला धरून दारातून आत नेत होती, तोवर पुढचा उंबऱ्याशी हजर. सुनिताची काडी शिडीच्या पायऱ्या काढत होती, जमना मधोमध देवी बसवत होती. घोडा शेवटी आला, त्याच्या वेळेला, आणि मालूने तो झेलताना जरा हसून झेलला.

चौक पुरा झाला तेव्हा ऊन अंगणातून ओट्यावर चढलं होतं. जमनाने काडी करवंटीत ठेवली आणि मनगट चोळत म्हणाली,

“हात गेला माझा. शुक्री पण एवढं लांबवत नव्हती गो.”

जमनाकडून आलेलं हे बोलणं काय किमतीचं आहे ते पाड्याला ठाऊक होतं. हिराबाईनेही ते नीट घडी घालून ठेवून घेतलं. वर्षा उठून आली नाही, हळद लागलेल्या मुलीला उगाच फिरू देत नाहीत. पण दाराशी बसल्या बसल्या ती रडत होती आणि गालावरची हळद दोन्हीकडून निघून गेली होती. हळद लावणाऱ्या बायकांनी पुन्हा लावली आणि पुन्हा रडायचं नाही म्हणून दम दिला.

चहा आला. या वेळी पहिला कप सुनिताने मालूपुढे धरला, तर मालूने तो हिराबाईकडे सरकवला. म्हणाली, आधी सांगणारीला. मग स्वतःच्या कपात बिस्किट बुडवत तिने विचारलं, तू म्हणे सोडलं होतंस? मला गावात शिरता शिरता कुणीतरी सांगितलं. काय झालं होतं?

हिराबाईने उधव्याचं सगळं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते, ओघळासकट. ओळ संपली आणि पुढे काही नव्हतं, हेही सांगितलं.

म्हातारीने बिस्किट चावलं नाही, चघळलं. “झेलायला कोण होतं?”

“दोन पोरी होत्या. चांगल्या म्हणत होत्या.”

“तुझ्यामागून?”

हिराबाई थांबली. “माझ्याबरोबर.”

मालू एवढी हसली की ठसका लागला. पाणी प्यायली, पदराने डोळे पुसले.

“अगो वेडे, मग तू गात कुठे होतीस, पळत होतीस. सांगणाऱ्या बाईला पुढचं सगळं कधी येत असतं का? मला पण येत नाही. झेलणारी म्हणते तेवढ्या वेळात येतं. शुक्रीला पण तसंच यायचं.” तिने कपातली बिस्किटाची शेवटची रबडी बोटाने पुसून घेतली. “तू देत होतीस म्हणून यायचं.”

हे हिराबाईच्या डोक्यात उतरायला वेळ लागला. ती उठली, मागच्या अंगणात गेली, रांजणातलं पाणी घेऊन तोंडावर मारलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की गाणं शुक्रीकडे होतं आणि तिच्याबरोबर गेलं. आणि कारण काय निघालं, तर दोन गुणी पोरी, ज्यांना शेजारी कसं बसायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचाही दोष नाही. आपणच कधी कुणाला शिकवलं नाही, कारण झेलणं ही शिकवायची गोष्ट आहे असं आपल्याला वाटलंच नव्हतं. तिला हसू आलं. मग थोडं रडू आलं, शुक्रीसाठी, ती गेली तेव्हा राहून गेलेलं. मागच्या चुलाणावर भात शिजत होता, ढवळणाऱ्या बाईने काय झालं विचारलं, तर म्हणाली, धूर गेला डोळ्यात. तिथे धूर होताच, त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही.

लग्न दुसऱ्या दिवशीही होतं, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मालूचा दम संपला. तिला ओट्यावर गोधडी टाकून दिली आणि ती ढोलाच्या आवाजातसुद्धा गाढ झोपली. आता झेलायला सुनिता बसली. सुनिताचा आवाज चांगला, पण उत्साह त्याहून मोठा. पहिल्याच ओळीला ती हिराबाईबरोबरच धावली. हिराबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“माझ्याबरोबर नको. माझी संपू दे, मग तू उचल. आणि सावकाश जा, मला पुढचं आठवायचं असतं.”

सुनिताने डोळे मोठे केले. तिला वाटत होतं, हिराबाईमामींना सगळं पाठ असतं. तिने तसं विचारलंसुद्धा. हिराबाई म्हणाली, कुणाला नसतं, आणि पुढची ओळ टाकली. सुनिता दोनदा चुकली, एकदा घाई केली, एकदा विसरली. हिराबाईने तीच ओळ पुन्हा टाकली. मांडवातल्या कुणाला त्याचं काही वाटलं नाही. धवला असाच चालतो, वळणं घेत, एखादी ओळ दोनदा झाली तर देव काही उठून जात नाहीत.

नविनची वरात अच्छाडवरून यायला उशीर झाला. हायवेला ट्रकची रांग लागली होती, नवरदेव टेम्पोत अडकला होता आणि फोनवरून दर थोड्या वेळाने ‘पोचलोच’ म्हणत होता. पाहुणे कंटाळले, पोरं रडायला लागली, उमेशने विचारलं स्पीकर लावू का. हिराबाईने मानेनेच नाही म्हटलं. तिने धवल्यातली लांबवायची जागा धरली, जिथे नवरदेवाच्या वाटेतल्या नद्या, नाले, झाडं एकेक करून पार करतात, आणि सुनिताला घेऊन ती त्या नद्या सावकाश पार करत बसली. घरच्या, बाहेरच्या चार-सहा बायकाही पुढे सरकून झेलायला लागल्या. टेम्पो दारात आला तेव्हा धवल्यातला नवरदेव अजून शेवटच्या नाल्यातच होता. सगळे हसले. नविन बाहेर थांबला आणि त्याला आत आणायला बायकांना तो नाला पटकन ओलांडावा लागला.

वर्षाला टेम्पोत बसवून वरात परत गेली. जाताना तिने मामीच्या पाया पडायच्या ऐवजी तिला घट्ट धरलं. काही बोलली नाही. शुक्रीही कधी तोंडावर कुणाचं कौतुक करत नसे.

मांडवात उरलेली माणसं जेवायला बसली. हिराबाई सकाळपासून उपाशी होती. पानात भात, वालाचं बिरडं, वर सुक्या मासळीचं कालवण. तिने पहिला घास उचलला आणि शेजारी एक अनोळखी बाई येऊन बसली. अच्छाडच्या नाक्यावर चहाची टपरी चालवते म्हणाली, नविनच्या नात्यातली. तिच्या मुलीचं लग्न अखातीजला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आहे. याल का?

लाहू पलीकडच्या पंगतीत होता. त्याचा हात घासाशी थांबला.

“झेलायला कोण आहे तुमच्याकडे?” हिराबाईने विचारलं.

बाई गोंधळली. असं काही बघितलं नाही म्हणाली. धवलेरी मिळाली की झालं, असं घरात सगळ्यांना वाटत होतं.

“नाही ना, दोघी लागतात. घरातली एखादी बघा, आवाज कसाही चालेल, पण धीराची हवी. लग्नाआधी चार दिवस माझ्याकडे पाठवा.” हिराबाईने कालवण भातात ओढून घेतलं. “मी येते.”

बाई उठून गेली. हिराबाई जेवत राहिली. वाढणाऱ्याने भात आणला तेव्हा तिने पान पुढे केलं, आणि आणखी थोडा, म्हणाली.